डावीकडे फिरणारी किल्ली

—घाबरलास ना? खरं सांग, घाबरलास! अरे, मेले नाहीये मी, नुसती मान टाकून बसले होते. गिऱ्हाईक दारात दिसलं की मी अशीच मान टाकते, जीभ जराशी बाहेर काढते आणि बघते कोण काय करतं ते. बायका किंचाळतात. परवा एक जाडजूड गृहस्थ आल्या पावली पळाले, छत्री इथंच टाकून — ती बघ, अजून लटकतेय. पलीकडचा घड्याळवाला आधी धावत यायचा बिचारा, डोळ्याला भिंग तसंच. चार-पाचदा फसला, मग चिडला. आता मी कितीही बोंबलले तरी भिंतीपलीकडून नुसता हसतो मेला. तू मात्र ना ओरडलास, ना पळालास, ना मला हलवून बघितलंस. सरळ मला ओलांडून माल बघायला गेलास. शहाणं गिऱ्हाईक! — बस, त्या स्टुलावर बस. आणि तू म्हणते हं, राग मानू नकोस, माझ्यापुढं तू म्हणजे पोरच. चहा घे. घे रे, केलाय आत्ताच. गोड झालाय जरा? होऊ दे, असू दे गोड.

काय म्हणालास? काचेची भांडी मांडायचीत? मग हे बघ ना, हे काचेचं कपाट, माझ्यासमोरचं. चौथीत शाळा सुटली माझी, पण लाकडाचं विचार — लाकूड मला वाचता येतं. काच जुनी की नवी कशी ओळखायची? तोंड बघायचं तिच्यात. नव्या काचेत आहे तसं दिसतं, जुन्या काचेत तोंड हलतं, पाण्यात बघितल्यासारखं. बघ, माझं नाक कसं वाकडं दिसतंय — तसं ते आहेच वाकडं, पण काचेत जास्त! मग दार उघडायचं आणि वास घ्यायचा. पॉलिश बाहेरून कुणीही मारेल, आतला वास खोटा करता येत नाही. खाली पिठासारखा भुसा पडलाय का बघायचं — पडला असेल तर किडा अजून जेवतोय. आणि खण असतील तर सगळ्यात सोपं — हात घालायचा. प्रत्येक खणात. वरच्यात कोपरापर्यंत गेला, मधल्यात कोपरापर्यंत गेला, आणि खालच्यात मनगटालाच अडला, तर काय समजायचं? अरे, बाहेरून तिन्ही सारखे, मग मागची वीतभर जागा गेली कुठं?

नको? काचेचं नको? तेच हवं, कोपऱ्यातलं? ते तर बंद दारांचं रे, त्यात भांडी कुणाला दिसणार? बरं, बाबा, तुझी हौस. पण एक विचारू? त्या कपाटाचं कुलूप उलटं आहे. कुणा सुतारानं कधी बसवलं देव जाणे, पण किल्ली डावीकडे फिरवावी लागते. तीन आठवडे झाले ते इथं येऊन. जो येतो तो उजवीकडे फिरवतो, खटखट करतो, मग मला हाक मारतो, आजी, उघडत नाही हो. मी हसते. प्रत्येक जण. आणि तू — मी इथं मरून पडलेले — तू गेलास, किल्ली एकदाच फिरवलीस, डावीकडे. खालचा खण अडतो, तो आधी उचलावा लागतो, तोही उचललास. कुठून बघितलं? या काचेतून. मान टाकली तरी एक डोळा उघडा असतो माझा. हललं तोंड तुझं काचेत, पण हात नाही हलला. हात अगदी सरळ गेला मागं, त्या चोरखणात.

रिकामा होता ना?

पाटल्या शोधत होतास? अरे, मास्तरणीनं त्या केव्हाच मोडल्या, शाळेच्या पोरींना पुस्तकं घेतली. मास्तरीण म्हणजे तुझी आत्या, रे, या कपाटाची मालकीण. आम्ही एका बाकावर होतो चौथीपर्यंत. मी तिच्या वेण्या बाकाला बांधायची. ती शिकली, मास्तरीण झाली, मी लाकडात आले. तिच्या शेवटच्या महिन्यात दोनदा गेले होते बघायला. दाराआडून पुरुषाचा आवाज आला, आत्या झोपलीय, नंतर या. मला वाटलं, म्हातारी रुसलीय माझ्यावर, मागच्या खेपेला तिचा चष्मा लपवला होता ना मी. आले परत. तिथंच चुकलं माझं. आज तू दारातून म्हणालास ना, आहे का कुणी — त्या तीन शब्दांतच ओळखला तो आवाज. म्हणून तर मान टाकली.

ऊठ कशाला, बस. ऐक तरी चोरखणात काय होतं ते. पुड्या होत्या. सात. रोज फाडायच्या कॅलेंडरची पानं असतात ना, त्यांच्या, एकेका तारखेची एक पुडी, आणि प्रत्येकीत एक पांढरी गोळी. आकडे मला वाचता येतात. शेवटची तारीख तिच्या मरणाच्या आदल्या दिवसाची. काही लिहिलेलं नाही, लिहिण्याएवढा जोर नसेल राहिला हातात, पण हे कपाट तिच्या खाटेला लागून होतं. आता मी काय केलं असेल? चाखली एक! कळ आली की जिभेखाली ठेवायची ती गोळी मला माहीत नाही होय? मीच घेते — ती बघ तुझ्या कोपरापाशी, तपकिरी बाटली, तीच. जिभेवर चरचरते ती. आणि मास्तरणीची? गोड! पथ्यवाले चहात टाकतात ना साखरेऐवजी, ती. छाती धरून हात पुढं करायची ती, आणि तू हातावर साखर ठेवायचास. तिला कळलं, रे. ती तोंडातून काढायची आणि पुडी बांधून ठेवायची. मास्तरीण ती, चुका राखून ठेवायची सवय.

पी की चहा. का, गोड लागतो? घरात साखर नाही माझ्या. दोन टाकल्यात त्यातल्याच.

हा हा! थुंकलास! अरे, विष नव्हे ते, तुझंच औषध! उरल्यात ना अजून, चाखलेली एक आणि तुझ्या दोन सोडून चार — माझ्या खुर्चीखालच्या डब्यात, कॅलेंडरच्या पानांसकट. पोलिसांना? अजून नाही रे, कुणाला म्हणजे कुणालाच नाही. म्हटलं, आधी माणूस येऊ दे, त्याचं तोंड बघू दे, गंमत—

काय करतोयस? दार का लावलंस? काचेत दिसतंय मला. पाटी का उलटी केलीस? दुकान बंद करायची वेळ नाही झालेली. — डबा राहू दे. राहू दे म्हणते. पायाला लागलं माझ्या... ओढू नकोस असा. हं. घेतलास. घे. घे आणि जा. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. तोंडाला कुलूप नाही माझ्या, ना डावं ना उजवं.

जा ना आता. बघत काय उभा राहिलास?

थांब... थांब जरा. ही बघ, कळ आली. डाव्या हातात उतरतेय. ती बाटली दे. तपकिरी, तुझ्या कोपराजवळची. नाही रे, सोंग नाही, मघाचं ते सोंग होतं, हे नाही. घाम बघ माझा. दे, बाबा. आत्या समज मला— नको, नको, तसं नको समजूस. दे. खिशात का घालतोयस? अरे, एक तरी... एक गोळी...

घड्याळवाले! अहो, घड्याळवाले! धावा!

ऐकलंस? हसतोय. भिंतीपलीकडून हसतोय तो.

अहो, खोटं नाही हो! या वेळी—