नाकवाल्या गाडीचं लाल ऑईल

माझं नाव वत्सला, जन्म धाकटी डहाणूचा, माहेर तिथलंच आणि सासरपण तिथलंच, मधे फक्त एक आळी, म्हणून लग्नात मला धड रडायलासुद्धा मिळालं नाय, रडणार कशाला, आईनं ओट्यावरून हाक मारली तर सासरी ऐकू यायची. बापाची बोट होती, आम्ही बहिणी बोंबील सुकवायचो, बांबूच्या आडव्या काठ्यांवर एकेक जोडी अडकवत जायची, हात दिवसभर चालूच, तोंडपण चालूच. माझं तोंड अजून चालू आहे, तुम्ही बघताच आहात. आणि आमचे हे, काय सांगू तुम्हाला ताई, खाडीकाठी जन्मलेला माणूस पण बोटीवर पाय ठेवला की उलटी. सासरे बोलायचे, हा माझ्या घरात चुकून आलाय, डोंगरात जायचा होता. मंग काय करणार, हे ड्रायव्हर झाले. गावात सगळे चिडवायचे मला, तुझा नवरा जमिनीवरचा खलाशी. मी बोलायची, असू दे, संध्याकाळी घरी तर येतो.

गाडी म्हणजे ट्रक, आम्ही घेतली तेव्हाच ती म्हातारी होती, तलासरीच्या एका लाकूडवाल्याकडची, पुढे लांब नाक असलेली, आता तशी गाडी रस्त्यात दिसत नाय, दिसली तर पोरं मोबाईल काढून फोटो घेतात. तिच्यात सुके बोंबील, जवळा, सुकट भरायची आणि डहाणूहून आशागड करत तलासरीकडे, थेट झरीपर्यंत. मी बाजूला, टोपल्यांबरोबर. झरीला रखमी होती, अजून आहे, शेतकऱ्याच्या घरातली, माझ्याच वयाची, आमचं विकणं नसायचं तिच्याशी, अदलाबदल. मी टोपलीभर सुकी मच्छी ओतायची, ती भात नायतर नागली ओतायची, मापात कमी वाटलं तर दोघी भांडायचो आणि भांडण झालं की तीच जेवायला वाढायची. कधी मच्छी खराब निघाली, कधी भातात खडे निघाले, पण घर बदललं नाय, तिनं दुसऱ्या कोळणीकडून घेतलं नाय आणि मी दुसरीच्या दारात उतरले नाय.

पण तेव्हाचं स्टेअरिंग, बाई गं. झरीच्या अलीकडे वळण आहे चढाचं, तिथं हे सीटवरून उठून उभेच राहायचे, सगळं अंग टाकायचे चाकावर, दात ओठ खाऊन फिरवायचे, आणि मी इकडून ओरडायची, अहो वळतेय का नाय, वळतेय का नाय. हे बोलायचे, तू गप्प बसलीस तर वळेल. अशी कितीतरी वर्षं गेली. मंग वय झालं, दंड दुखायला लागले, तेव्हा हायवेवरच्या एका मिस्त्रीनं भंगारातल्या बसचा पंप काढून आमच्या गाडीला पॉवर स्टेअरिंग बसवून दिलं. गाडी एकाची, पंप दुसऱ्याचा, पाईप कुणाचा देव जाणे. पण पहिल्या दिवशी हे एका हातानं वळण घेऊन माझ्याकडे बघून असे हसले ना, लग्नात हसले नव्हते तसे. तो मिस्त्री आता नाय, वारला बिचारा, ऑईल तोच घालायचा, कुठलं घालतो ते आम्ही कधी विचारलंच नाय.

मंग मागच्या पावसाळ्याआधी हे गाडीच्या मागून माल उतरवताना पडले, खांदा मोडला, उजवा. प्लॅस्टर, मालीश, डॉक्टरचे व्यायाम, भिंतीवर बोटं चढवायची, सगळं केलं. गाडी मांडवाखाली उभी. मुलगा आमचा प्रकाश, त्याची बोट आहे, आजोबावर गेला तो, त्याला गाडीचं प्रेम नाय, पण बापाचं आहे. डॉक्टर बोलले, हात चांगला जोडलाय, आता हळूहळू गाडी चालवायला हरकत नाय. आणि त्याच आठवड्यात रखमीचा निरोप आला, नातीचं लग्न आहे, हळदीच्या जेवणाला मच्छी तुझीच पाहिजे. आतापर्यंत तिच्या घरच्या प्रत्येक हळदीला आमची मच्छी आमच्या गाडीतून गेलेली, तिच्या लग्नात नाय पण तिच्या पोरांच्या सगळ्या लग्नात. हे लगेच बोलले, मी नेणार. प्रकाश बोलला, पप्पा टेम्पो करू. हे बोलले, टेम्पोनं तू जा, मी माझ्या गाडीनं येतो.

मंग गाडी धुतली, बॅटरी घातली, स्टेअरिंगच्या डब्यात ऑईल कमी दिसलं म्हणून प्रकाशनं ते काढून नवीन भरलं. आणि हे बसले, इंजिन चालू केलं, अंगणातच वळवायला गेले तर चाक फिरेना. फिरायचं थोडं, परत अडायचं. यांच्या कपाळावर घाम, खांदा थरथरायला लागला. दोनदा केलं, तीनदा केलं, मंग इंजिन बंद करून खाली उतरले आणि ओट्यावर येऊन बसले. मी चहा दिला तर घेतला नाय. बोलले, वत्सला, हात गेला गं माझा. गाडी विकून टाक कुणाला भंगारात.

ताई, हा माणूस खांदा मोडला तेव्हा ओरडला नव्हता. मला इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं की मी आत जाऊन उगाच भांडी घासली, घासलेली परत घासली. दुसऱ्या दिवशी जेवले नाय धड, व्यायाम पण सोडले, भिंतीकडे बघेनात. प्रकाश बोलला, आई, वय झालंय त्यांचं, सोडून दे आता. आणि मला राग आला, कुणावर ते कळेना.

पण मी काय यांच्या बाजूला उगाच बसले एवढी वर्ष? गाडीचा आवाज मला आमच्या घरातल्या माणसांच्या आवाजासारखा ओळखता येतो. आणि मला आठवलं, चाक अडत होतं तेव्हा नाकातून आवाज येत होता, म्हैस कण्हते तसा. माणसाचा हात दुखला तर माणूस कण्हेल, गाडी कशाला कण्हेल? मी प्रकाशला बोलले, स्टेअरिंगच्या डब्याचं झाकण उघड. उघडलं तर आत पांढरा फेस, ताकासारखा. मी बोलले, काय घातलंस रे यात? बोलला, ऑईल. कुठलं ऑईल? तर बोलला, विंचचं.

आता तुम्हाला सांगते, आमच्याकडे प्रत्येक घराच्या ओट्याखाली विंचच्या ऑईलचा डबा असतोच, बोटीवर जाळं ओढायची ती विंच, तिचं जाड ऑईल. दरवाजा कुरकुरला, घाल विंचचं. सायकलची चेन, घाल विंचचं. शिलाई मशीनमध्येसुद्धा घातलंय माझ्या नणंदेनं, मंग सगळे ब्लाऊज काळे. तर प्रकाशला वाटलं, विंच ओढते, स्टेअरिंग ओढतं, काम तेच. मी त्याला रागावले नाय, त्याचं मन चांगलंच होतं.

मंग मी ते झाकण फडक्यात गुंडाळलं, फेसाळ ऑईल थोडं बाटलीत घेतलं आणि बसनं तलासरीला गेले. यांना सांगितलंच नाय, बोलले पापड आणायला जाते. दुकानदार गुजराती, पहिला प्रश्न, बेन, गाडी कई? मी सांगितली. तो लाल ऑईल काढायला गेला, परत थांबला, बोलला, गाडी तर जुनी, एमां पॉवर स्टेअरिंग क्यांथी आव्युं, म्हणजे यात कुठून आलं? मी बोलले, बसमधून. तर हसला आणि बोलला, मंग गाडीचं नाव विसरा बेन, पंप ज्याचा ऑईल त्याचं. झाकण घेतलं, रॉकेलनं पुसलं, उजेडात तिरपं धरलं आणि त्यावर कोरलेली अक्षरं वाचली. लाल, पातळ, हेच बोलला. बाटली हलवून बघितली, बोलला, हे जाड आहे, पंपाला ओढवत नाय म्हणून हवा खातो नि फेस करतो, पण गाडी पळवली नाय ना, वाचलात. आणि ब्रेक ऑईल चुकूनसुद्धा घालू नका, रबरच खाऊन टाकेल. मी विचारलं, हे घातल्यावर एक मोडलेला खांदा फिरवेल का स्टेअरिंग? तो बोलला, खांद्याचं मला नाय माहीत, ऑईलचं सांगतो. खरं बोलला, मी लाल ऑईलचा डबा पिशवीत टाकला आणि परतीची बस धरली.

घरी आल्यावर प्रकाशनं पुढची चाकं जॅकवर उचलली, स्टेअरिंगमधून ऑईल परत आणणारा पाईप सोडून एका रिकाम्या डब्यात धरला आणि मला बोलला, आई, तू बस, इंजिन बंदच ठेव, स्टेअरिंग इकडून तिकडे पूर्ण फिरव. मी उभ्या आयुष्यात ड्रायव्हरच्या सीटवर पहिल्यांदा बसले. फिरवत गेले, जुनं काळपट नि फेसाळ ऑईल बाहेर, प्रकाश वरून लाल घालतो, परत फिरव, परत घाल, शेवटी पाईपातून स्वच्छ लाल आलं, कोकमाच्या सरबतासारखं. मंग इंजिन चालू केलं, हळूहळू फिरवलं, कण्हणं थांबलं, जॅक काढून चाकं जमिनीवर टेकली तरी फिरलं. हे ओट्यावरून सगळं बघत होते, न बघितल्यासारखं करून.

मी खाली उतरून बोलले, अहो, या. बोलले, कशाला, परत तमाशा. मी बोलले, माझ्यानं फिरलं, तुमच्यानं फिरत नसेल तर मंग विकू, मीच गिऱ्हाईक आणीन. तेव्हा उठले. बसले. चाक धरलं आणि फिरलं, ताई, पाण्यातून हात फिरवावा तसं फिरलं. यांनी परत उलटं फिरवलं, परत सुलटं, आणि मंग चाकावर डोकं टेकून रडले. मी पण रडले, लपवायचं काय त्यात.

हळदीच्या दिवशी मच्छी घेऊन आम्ही तिघं गेलो. झरीचं वळण यांनी बसून घेतलं. रखमी मांडवातून धावत आली, पहिलं बोलली, बाय, उशीर केलास, आणि मंग मला धरून बसली. पोटभर जेवलो. परत येताना आशागडला चहाला थांबलो, चहा पिऊन झाला तशी यांनी चावी प्रकाशच्या हातात दिली, बोलले, घे, आता तू चालव. प्रकाश घाबरला, पप्पा, हात दुखतोय का? बोलले, हात चांगला आहे, मला आता खिडकीत बसायचं आहे. आणि माझ्या बाजूला येऊन बसले, आयुष्यभर मी त्यांच्या बाजूला बसले, आणि त्या दिवशी ते माझ्या बाजूला.

आता गाडी प्रकाशच चालवतो, पावसाळ्यात मासेमारीला समुद्र बंद असतो त्या महिन्यांत, आणि हे खिडकीतून त्याला शिव्या देतात. हात गेला म्हणून गाडी सुटली असती ना, तर हा माणूस मला ओट्यावरून परत उठवता आला नसता. सुटायची ती सुटलीच, पण त्यांनी आपल्या मनानं सोडली. देवानं माझं एवढं ऐकलं, आता अजून काय मागू, तुमच्या घरचेपण असेच हातीपायी धड राहू देत. बसा, बोंबील भाजते, खाऊन जा.