व्हिसा येईपर्यंत चहा नाही

…आणि मी जीवदानी देवीला काय बोलून बसले, तर आई, कॅनडाचा व्हिसा येईपर्यंत चहा तोंडाला लावणार नाही. आता गोड सोडता आलं असतं, वांगं सोडता आलं असतं, तसंही मला वांगं आवडत नाही, पण डोंगर चढून दम लागलेला, समोर ती उभी, आणि तोंडातून निघालं चहा. निघालं ते निघालं. देवी ऐकते हो.

तुम्हाला सांगते, तिकडे कायम राहायचा अर्ज केला की झालं असं मला वाटायचं, पण अर्ज गेल्यावर तर सुरू होतं. आधी पोच येते, मग ते मार्क मोजतात, आमच्या ह्यांच्या डिप्लोम्याला इतके, वयाला इतके, माझ्या बी.ए.चेसुद्धा धरले, लग्नानंतर पहिल्यांदाच कुणी विचारलं त्या बी.ए.ला… मग पोलिसांचा दाखला, मग नुसतं थांबायचं. ह्यांची कंपनी आज आहे तर उद्या नाही, म्हणून तर हा खटाटोप. अंधेरीच्या कन्सल्टंटला फोन करावा, तर त्याचं ठरलेलं, "मॅडम, फाइल प्रोसेसमध्ये आहे." दोन दिवाळ्या गेल्या, फाइल प्रोसेसमध्येच. इकडे विरारला फुलपाड्यात अख्ख्या बिल्डिंगला बातमी, तळमजल्यावरच्या परबवहिनी जिन्यात गाठायच्या, "अय्या, अजून इथेच? फ्रिज विकाल ना, तर आधी मला सांगा हं." आता न विकलेल्या फ्रिजमधलं पाणी मी रोज त्यांची नजर चुकवून प्यायचं की काय?

पण देवी ऐकते हो. एक दिवस पत्र आलं, तिघांनी, म्हणजे हे, मी आणि आमची लेक ऋतिका, मेडिकल करून घ्या. म्हणजे आता शेवटचा टप्पा, हे म्हणाले, बॅगा बघून ठेवायला हरकत नाही.

आणि नेमकी तेव्हाच माझी तब्येत बिघडली. सकाळी उठलं की मळमळ, डोकं जड, कांदा चिरला तरी पोटात ढवळायचं. सासूबाई म्हणाल्या, "चहा सोडलास ना, पित्त खवळलंय. मी नको म्हणत होते." मलाही पटलं. मी आपली कोकम सरबत पितेय आणि मनात म्हणतेय, आई, बघ, तुझ्यासाठी किती सोसतेय. वसईकडच्या गिरीजहून रिटा यायची केळी विकायला, तिने मला केळ्याचा वास घेऊन फणी टोपलीत परत ठेवताना पाहिलं. "वैनी, कितवा?" म्हणाली. मी म्हटलं, "काहीतरीच काय, चाळिशी आली माझी, चहा सोडलाय मी." ती म्हणाली, "मग चहाचे पाय जड झाले असतील."

तुम्हाला खोटं वाटेल, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही! मेडिकलला गेलो, एक्स-रे काढणारी मुलगी सहज विचारते, "पाळी कधी आली होती?" आणि मी बोटं मोजायला लागले… मोजतेय, मोजतेय… तिने यंत्र बंद केलं आणि मला डॉक्टरांकडे पाठवलं.

डॉक्टर म्हणाले, "अभिनंदन. एक्स-रे आता बाळंतपणानंतर. तोवर फाइल थांबेल." ह्यांचा चेहरा काय सांगू, हसावं की रडावं ते ठरेना. कन्सल्टंट फोनवर, "मॅडम, असा बदल आधी कळवायचा असतो." म्हटलं, "भाऊ, मलाच आता कळलाय." मग म्हणाला, पोटावर शिशाचा पट्टा बांधून एक्स-रे काढून मिळतो, घाई असेल तर बघा. घाई होतीच हो. बिस्तरा बांधून बसलेली माणसं आम्ही. रात्रभर तळमळले, ह्यांची नोकरी दिसायची, ऋतिकाचं शिक्षण दिसायचं.

सकाळी सासूबाईंनी विचारलं, "ऋतिकानंतर दुसऱ्यासाठी पाळणा बोलली होतीस ना देवीला? तो नवस मागे घेतला होतास का?" अहो, दहा वर्षं झाली, आशा सोडली तरी मागे कोण घेतं? म्हणजे तिच्याकडेही फाइली नंबरानेच निघतात, जुना अर्ज आधी… देवी ऐकते हो, फक्त रांगेने.

हे आतून आले, म्हणाले, "एक्स-रे नको. कॅनडा काय पळून जातंय? आधी येणाऱ्याचं नाव अर्जात घालू." आणि सासूबाई, ज्या आम्ही जाणार म्हणून महिनोन्महिने नीट जेवल्या नव्हत्या, त्यांनी दुसरी पोळी वाढून घेतली. म्हटलं, राहू दे. थांबायची सवय आहेच, आता थांबायला कारणही आहे.

तेव्हा एवढं करा, वर डोंगरावर देवीला जाल तेव्हा तुम्हीही आमच्यासाठी काहीतरी बोला, नारळ, ओटी, जमेल ते. पण नुसतं व्हिसा म्हणा. "घर भरू दे" असं मोघम बोलू नका, आमचा फ्लॅट वन रूम किचनच आहे.