ओवाळणीतले खिळे

मी मूळचा राजापूरकडचा, वसईत आलो तो शाळेतल्या ग्रंथपालाच्या नोकरीमुळे आणि रमलो तो सुमनमुळे. ती जवळच्याच निर्मळ गावची, फुलांच्या वाडीत वाढलेली. लग्नानंतर आम्ही नव्या इमारतीत राहायला आलो तेव्हा तिचा धाकटा भाऊ दिनू सायकलच्या कॅरिअरला बांधून बकुळीचं रोप घेऊन आला, म्हणाला, ताई, तिथे तुला फुलांचा वास कुठला मिळणार. ते आम्ही फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला लावलं.

झाड मोठं झालं आणि, काय सांगू तुम्हाला, निवडणूक आली की त्याचे हाल सुरू. उमेदवारांचे पत्र्याचे फलक खोडाला ठोकायचे. मतमोजणी झाली की फलक जायचे, खिळे राहायचे. मग सुमन जंबूर घेऊन खाली उतरायची, मी स्टूल धरायचो. हरलेला खिळे काढत नाही, जिंकलेला तर नाहीच, म्हणायची.

एका वर्षी नगरपालिकेला दिनूच उभा राहिला. सकाळी खिडकी उघडली तर बकुळीवर त्याचाच हसरा चेहरा, हात जोडलेले. कार्यकर्त्यांनी ठोकला असेल, त्याला ठाऊकही नसेल, मी म्हटलं. तिनं तो फलक काढला नाही, त्याचंच मला नवल वाटलं. दोन दिवसांनी भाऊबीज. तो आला, पाटावर बसला, प्रचाराला जायची घाई होती. हिनं ओवाळलं. त्यानं तबकात ठेवलेलं पाकीट हिनं परत केलं आणि त्याच्या हातात जंबूर दिलं.

ओवाळणीत मला काही नको, दिनू. तुझे खिळे तू काढ.

तो हसला, मग हसायचा थांबला. ताई, लोक बघतील, म्हणाला. बघू देत, मतं वाढतील, ही म्हणाली. कपाळावर कुंकू, अंगात नवा सदरा, असा उमेदवार स्टुलावर चढून स्वतःचाच फलक उतरवत होता. खिळा निघाला तिथून चीक आला, तेव्हा त्यानं त्यावर अंगठा दाबून धरला, जखमेवर धरतात तसा.

मतं काही वाढली नाहीत, पडलाच तो. पण त्यानंतर दर भाऊबीजेला त्याची ओवाळणी ठरलेली, आसपासच्या झाडांचे खिळे काढून रुमालात बांधून आणायचा.

सुमन जाऊन सात महिने झाले. परवाच्या भाऊबीजेला तो कशाला येईल, असं मला वाटलं होतं. आला. पाट मांडलेला नव्हता. भाऊजी, स्टूल धरा, एवढंच म्हणाला. बकुळीतला एक जुना खिळा सालीनं जवळजवळ गिळलाय, तो ओढायला गेला आणि थांबला. हा राहू दे, म्हणाला, झाडानं घेतलाय त्याला पोटात.

तो खाली उतरला तरी मी स्टूल धरूनच उभा होतो. म्हटलं, सुखी राहा, दिनू. पुढच्या वर्षीही ये. पाट मी मांडीन.