बाबाजी घडशाची उठवणी

मंडळी, आधी मला एक सांगा! ज्याचं नाव घेतलं की आजोबांचे डोळे भरून यायचे, त्याच माणसाचं नाव नातवाच्या कानावरसुद्धा नसतं. हे होतं कसं? नाव आपोआप मरतं, की कुणी मारतं? मारतं, तर कोण? हां, शेजाऱ्याकडे बघू नका! ऐका!

डोंगराच्या कुशीत केरवली गाव. तिथं जुगाईदेवीचं देऊळ, देवळाच्या दारावर नगारखाना, आणि नगारखान्यात बाबाजी घडशी. काय त्याची सनई! लग्नाचा मुहूर्त काढायच्या आधी भटजी विचारायचे, "बाबाजी मोकळा आहे ना?" नवरा उशिरा आला तरी चालेल, बाबाजी वेळेवर हवा! हसा, हसून घ्या. पुढे हसू यायचं नाही.

त्याचं खरं धन एकच — पहाटेची उठवणी. देवीला जागं करायची धून. ती सुरू झाली की पाण्याला निघालेल्या बायका कळशी कडेवर घेऊन तशाच उभ्या राहायच्या!

आता, सनईवाला एकटा नसतो बरं! शेजारी दुसरा एक जण दुसऱ्या सनईवर नुसता सूर धरून बसतो. एकच सूर, अखंड. तो धरायचा कुंभारवाड्यातला काशिराम. गाल फुगलेले, डोळे मिटलेले. धून बाबाजीची, वाहवा बाबाजीची — ह्याच्या वाट्याला फक्त दम!

एके सकाळी बाबाजी नगारखान्याचा जिना चढतोय, तर वर उठवणी वाजतेय! पाय पायरीवरच थबकला. त्याला वाटलं, वर मीच बसलोय की काय? डोकावून बघतो तर काशिराम!

मंडळी, आनंद व्हायला हवा होता ना? नाही झाला! तो तसाच आत घुसला.

"काश्या! चोरी करतोस?"

"चोरी कसली, बाबाजी? रोज कानात पडली, बोटांत उतरली."

"ही विद्या बापाकडून लेकाकडं जाते. तू कोण रे?"

"तुमचा लेक टेम्पो चालवतो, बाबाजी. सनईला हात लावत नाही."

खरं बोलणं मिरचीसारखं झोंबतं! बाबाजीनं त्याला दंडाला धरून खाली आणलं, देवीपुढं उभं केलं, नारळावर हात ठेवायला लावला. "माझ्या तोंडून मोकळीक मिळेपर्यंत उठवणी वाजवणार नाही. म्हण!"

काशिराम म्हणाला.

लेकाची वाट बघता बघता बाबाजी पिकला. दर दसऱ्याला हत्यारांजवळ सनई पुजायचा, लेक म्हणायचा, "पुढच्या वर्षी, आबा." आणि एका दुपारी जेवता जेवता हातातला घास गळाला. तोंड वाकडं झालं, अर्धं अंग गेलं — जीभ गेली!

त्या खाटेवर त्याला उमगलं. शपथ सोडवायला तोंड हवं, आणि तोंडच देवीनं बंद केलं!

काशिराम भेटायला आला. बाबाजीनं चालत्या हातानं आपली सनई त्याच्या मांडीवर सारली. "आं... आं..." घशातून एवढंच. काशिराम समजला हो! न समजायला तो काय खुळा होता? त्यानं सनई कपाळाला लावली आणि परत उशाशी ठेवली.

"बाबाजी, तोंडानं घातलेली शपथ तोंडानंच सुटते. नाहीतर देवीनं सोडवावी. गावानं कौल लावला, उजवा आला, की त्या पहाटे वाजवतो."

कौल ठाऊक ना? देवीच्या अंगाला फुलं लावायची आणि विचारायचं. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. घटकाभराचं काम! पण एकट्यादुकट्याला तो मान नाही, गावानं विचारावं लागतं. काशिराम मानकऱ्याकडे गेला. विष्णू गावकर बशीत चहा ओतत होते.

"गावकर, उठवणीसाठी कौल लावा."

"कसली उठवणी? अरे, नवा भोंगा आणलाय. बटण दाबलं की देवी उठली!"

"त्यात बाबाजीची धून नाही, गावकर."

"लोकांना कुठं कळतंय, काश्या? तू आपला सूर धर."

काशिरामनं धरला. दुसऱ्या पहाटे नगारखान्यात नुसता सूर — उघडा, पोरका. तो वाट बघत होता, एकानं तरी मान वर करून विचारावं, "धून कुठं गेली?" कळशीवाल्या बायका खालून गेल्या. एक थांबली! थांबली... पदर सावरला आणि गेली. मग भोंगा सुरू झाला.

तिकडे खाटेवर बाबाजी कान लावून पडला होता. त्यालाही एवढंच ऐकायचं होतं, की कुणी विचारतंय का. असं ऐकत ऐकतच तो गेला. काशिराम जगला तोवर सूर धरत राहिला, शपथ पाळत राहिला. आणि दोघांची उठवणी एकाच सरणावर गेली — काशिरामच्या!

परवा त्याच नगारखान्याखाली मोबाइल बघत बसलेल्या एका पोराला कुणी विचारलं, "बाबाजी घडशी माहीत आहे?" पोर म्हणालं, "कुठल्या चॅनेलवर असतो?"

आता सांगा, कुणी मारलं? बाबाजीच्या मुठीनं? होय! काशिरामच्या शब्दानं? तेही होय! पण कौलाची वाट शेवटपर्यंत उघडी होती हो! ती केरवलीनं चालायची होती. आणि मंडळी, तुमच्या घरात कोपऱ्यात बसून कुणी काही गुणगुणलं, की "पुरे आता, बातम्या लावायच्यात" कोण म्हणतं? केरवलीची माणसं येतात का म्हणायला?

पेटीवाले काका, एक सूर धरा. नुसता सूर... ऐका. बाबाजीचं एवढंच उरलंय. आता ह्यावर त्याची उठवणी म्हणा बघू कुणीतरी!

म्हणा ना!...

काका, सोडू नका, धरून ठेवा. आजच्या कीर्तनाचा गजर हाच — आपण सगळे गप्प बसलोय, तो!