काशीदादांनी बिडी सोडली होती

हिरावहिनी, काशीदादांच्या दोन्ही मुली, जावई, गावातली वडीलधारी माणसं आणि आमच्या सोसायटीतली सगळी मंडळी,

मला आज बोलायचं नव्हतं. बोलणाऱ्यांची नावं लिहून घेत होते तेव्हा मी म्हटलं, मला नको, मी आरती म्हणेन, भाषण नाही. पण काल संध्याकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. म्हणून लिहून आणलंय. वाचताना अडखळले तर सांभाळून घ्या. आणि मध्येच कुणी उठू नका. माझं शेवटपर्यंत ऐका, एवढी विनंती आहे.

काशीदादांना जाऊन आज बारावा दिवस. चक्कीवरच गेले. सकाळी कुणाचं तरी ज्वारीचं दळण टाकत होते, छातीत कळ आली, पोत्याला टेकून खाली बसले, ते उठलेच नाहीत. इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या घरी त्यांच्या चक्कीचं पीठ गेलं नाही? डबा ठेवला की न सांगता ओळखायचे, हा शेट्टींचा, हा यादवजींचा, ही भाकरीची बाजरी, ही चकलीची भाजणी. आपल्या इंद्रलोक वसाहतीच्या मागे बिल्डिंगा नव्हत्या तेव्हापासूनचा हा माणूस. वडील मिठागरात राबले, ह्यांनी चक्की टाकली. माणूस पांढरा झाला तो पिठाने झाला की वयाने, हे आम्हाला कधी कळलंच नाही.

पण मी ह्यासाठी उभी राहिलेले नाही.

त्या दिवशी त्यांच्या दारात गर्दी होती. मी आत चहा गाळत होते. बाहेर दोघं-तिघं बोलत होते. कोण, ते मी सांगणार नाही. त्यातलं एक जण म्हणालं, "बिडीनेच नेलं. सोडतो सोडतो म्हणायचे, सोडली कुठे? वहीतच आहे की, तीन महिनेसुद्धा झाले नव्हते."

ती वही माझी. त्यातलं अक्षर माझं. आणि देवाशपथ सांगते, गाळणं हातात धरून मीसुद्धा मनात हेच म्हणाले, सांगत होते मी, ऐकलं नाही दादांनी.

आज मी उभी राहिलेय ती हे पुसायला. वहीत चूक आहे. चूक माझी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. दोन वर्षांपूर्वी श्रावणात सोसायटीच्या गणपतीच्या देवळात चौघांनी बिडी-सिगारेट सोडायचं ठरवलं. आमचे हे. आपले रिक्षावाले यादवजी. हाटकेशला कारखान्यात लेथ मशीनवर काम करतो तो आमच्या वरच्या मजल्यावरचा प्रवीण. आणि काशीदादा. कल्पना दादांचीच. आमच्या ह्यांना जिन्यात लपून ओढताना त्यांनी पकडलं आणि म्हणाले, "आवो, पन्नाशी उलटली तुमची, वैनीला घाबरून जिन्यात कवर उबं र्‍हानार? चला, मीबी सोडतो. एकल्यानं न्हाय जमायचा."

रोज संध्याकाळी आरती झाली की चौघं पायरीवर बसायचे. दिवसभरात कुणाला किती तलफ आली, काय केलं, ते सांगायचे. कुणी लवंग चघळायचं, कुणी चणे. यादवजी म्हणायचे, "इतना चना खाया हूँ भाभीजी, अब रिक्षा छोड़के टाँगे में जुतवा दीजिए." तलफ फारच आली तर नियम एकच, चक्कीवर जायचं. दादा त्या माणसाच्या हातात पोतं धरायला द्यायचे. दहा मिनिटं पोतं धरलं, नाकातोंडात पीठ गेलं, की तलफ निघून जायची. हे घरी यायचे ते भुतासारखे पांढरे होऊन. मी म्हणायचे, कपडे धुवायला साबण जास्त लागतो, पण चालेल.

मी रोज आरती करते, म्हणून वही माझ्याकडे आली. मुलीच्या शाळेच्या वहीतली कोरी पानं शिल्लक होती, ती शिवून घेतली. प्रत्येकाने देवासमोर आपला न ओढल्याचा दिवस कितवा ते सांगायचं, मी लिहायचं. आणि नियम मी केला. ऐका, कारण सगळं इथेच चुकलं. मी म्हटलं, सोळा सोमवार करताना एक सोमवार मोडला तर आपण काय करतो? पहिल्यापासून धरतो. तसंच हे. एक जरी ओढली तरी आकडा पुन्हा एकपासून. मग आधीचे पन्नास असोत की पाचशे.

मला वाटलं होतं, भीतीने माणूस सरळ राहील.

पहिल्यांदा मोडलं ते आमच्याच घरात. ह्यांचे मोठे भाऊ गेले, आणि हे स्मशानातून येताना ओढून आले. मला दारातच वास आला. घरात मी शब्दाने बोलले नाही, पण संध्याकाळी देवळात वही उघडून बसले. हे मान खाली घालून म्हणाले, "एक लिही." मी लिहिला. तेवढ्यात काशीदादा म्हणाले, "वैनी, माजाबी एक लिवा."

मी म्हटलं, "दादा, तुम्हीसुद्धा?"

त्यांनी चप्पल सारखी केली आणि चण्याची पुडी ह्यांच्यापुढे धरली.

पुढे यादवजींच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा त्यांनी ओढली. त्या संध्याकाळी पुन्हा, "वैनी, माजाबी एक." प्रवीणचं तर चार वेळा मोडलं. कारखान्यात सगळे ओढणारे, त्यात रात्रपाळी. चारही वेळा दादांचाही एक. आणि दर वेळी मी त्यांना बोलले. "दादा, वयाने मोठे तुम्ही. प्रवीणने कुणाकडे बघायचं?" एकदा तर म्हणाले, "देवाची तरी लाज धरा." त्यावर हसून म्हणाले, "वैनी, तुमी शालेत मास्तरीन व्हायाला पायजे व्हत्या. पोरांनी पाटीच फोडली असती." सगळे हसले. मीही हसले. पण वहीत एक लिहिलाच.

मी एकदाही विचारलं नाही, दादा, कधी ओढलीत? कुठे ओढलीत? मला विचारायची गरजच वाटली नाही. आकडा समोर होता ना.

गेल्या सत्यनारायणाच्या पूजेला, तुम्ही बरेच जण होतात तिथे, ज्यांचे सलग शंभर दिवस झाले त्यांना आम्ही नारळ दिला. आमच्या ह्यांना दिला, यादवजींना दिला. प्रवीणचे चाळीसच झाले होते, दादांचेही चाळीस. दोघं मागे, मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. माईक माझ्या हातात होता. मी म्हटलं, "काशीदादा, पुढच्या पूजेला तुमचाही नंबर लागू दे, गणपती तुम्हाला बुद्धी देवो." किती हसलात तुम्ही सगळे! आठवतंय? दादांनी मागूनच हात जोडले आणि ते जोरात टाळ्या वाजवायला लागले. आपल्यावरच्या हसण्यावर माणूस टाळ्या वाजवतो, तेव्हा कुणालाच काही वेगळं वाटलं नाही. मलाही नाही.

आता परवाचं सांगते. दहाव्याला आपण खाडीवर गेलो होतो. पिंड ठेवले, कावळा लगेच शिवला. बायका परत निघाल्या, पण हे, यादवजी आणि प्रवीण तिथेच कट्ट्यावर बसले. मी हिरावहिनींचा हात धरून थोडी मागे होते, म्हणून मला ऐकू आलं. प्रवीण रडत होता. म्हणाला, "काका, दादांना पोचवून आलो त्या रात्री मी ओढली. दहा दिवस कुणाला बोललो नाही. काकूंना काय तोंड दाखवू? आणि आता माझ्याबरोबर एकपासून बसायला दादा नाहीत."

हे म्हणाले, "तुझ्याबरोबर म्हणजे?"

"म्हणजे माझी मोडली की त्यांचीपण मोडलेली असायची ना. मी आधी चक्कीवर जाऊन सांगायचो. ते म्हणायचे, चल, मीबी तुज्यासंगं, आज माजाबी एकच."

हे मग म्हणाले, "अरे, माझ्या वेळीही असंच म्हणाले होते. भाऊ गेला तेव्हा."

यादवजी उठून उभे राहिले. म्हणाले, "हमसे भी यही बोले थे. एकदम यही."

तिघंही वळून आमच्याकडे बघायला लागले. मी हिरावहिनींकडे बघितलं. वहिनी, तुम्ही जे सांगितलंत ते मी तुमच्याच शब्दांत सांगते, कमीजास्त झालं तर तुम्ही इथे आहात.

वहिनी म्हणाल्या, "त्या श्रावनापासनं घरात काडीपेटी हाय ती देवाच्या दिव्यापुरती. एक बिडी न्हाय वडली त्यांनी. एकबी न्हाय. मी इचारला, आवो मंग त्या वैनीच्या शिव्या कनाला खाता? तं बोलले, तो पोरगा एक आकडा घेऊन एकलाच खालच्या पायरीवर बसला तं उठून घरी जाईल. दोगं असलं तं बसल. तू कोनाला बोलू नको."

दोन वर्षं, मंडळी. दोन वर्षं त्या माणसाने एक बिडी ओढली नाही. आणि माझ्या वहीत शेवटी त्यांच्या नावापुढे शहाऐंशी आहे. तो शहाऐंशी त्यांचा नाहीच. तो प्रवीणचा आहे.

डॉक्टर म्हणाले होते, चाळीस वर्षं ओढलेलं दोन वर्षांत भरून निघत नाही. तेवढं खरं. पण त्यांनी सोडली नाही, हे खोटं. ते खोटं ह्या गल्लीत पसरलं, आणि ते पसरलं माझ्या चांगल्या अक्षरामुळे.

मी देवभोळी बाई आहे. उपास, नेम, वार, सगळं चोख. मला वाटायचं, देवासमोर वही धरली म्हणजे देवाचं काम केलं. दोन वर्षं एक माणूस माझ्यासमोर रोज काय करत होता, ते मला दिसलं नाही. गणपतीला दिसत असणार. तो बोलला नाही, एवढंच.

वहिनी, मी तुमच्या माणसाला चारचौघांत बोलले. तुमच्या मुलींसमोर हसवलं त्यांच्यावर. घरी येऊन तुमची माफी मागणं सोपं होतं. पण बोलले माईकवर, म्हणून माफीही माईकवरच मागते. मला माफ करा. दादांची मागायची राहिली ती राहिलीच. ती कुठे मागू, मला माहीत नाही.

आता कालचं सांगते आणि थांबते.

काल संध्याकाळी आरती झाल्यावर मी वही उघडली. प्रवीण आला होता. म्हणाला, "काकू, रागावू नका. माझा एक लिहा." मी रागावले नाही. लिहिला. हे शेजारी बसले होते. म्हणाले, "माझाही एक लिही."

मी म्हटलं, "तुम्ही ओढलीत?"

"नाही."

"मग?"

"लिही म्हटलं ना."

मी पेन घेऊन तशीच बसले. यादवजी म्हणाले, "भाभीजी, हमारा भी." मी म्हटलं, "यादवजी, आपका तो साल हो गया, वो सब जाएगा." तर म्हणाले, "कहाँ जाएगा? छाती में जमा है. आप कॉपी में एक लिखिए."

आयुष्यात मी कधी खोटा आकडा लिहिला नाही. काल दोन लिहिले. तिघांच्या नावापुढे एक, एक, एक. चौथं नाव लिहायला हात गेला आणि तिथेच थांबला. आज सकाळी मी ते पान पुन्हा उघडलं. काशीदादांच्या नावापुढचे जुने आकडे तसेच ठेवले, खाडाखोड केली नाही. खाली एक ओळ लिहिली. तीच इथे वाचते, म्हणजे उद्यापासून ह्या गल्लीत कुणी काही वेगळं बोललं तर तुम्ही सगळे साक्षीदार असाल.

"काशीनाथदादांनी श्रावणात बिडी सोडली, ती सोडलीच. वरचे आकडे त्यांनी दुसऱ्यांसाठी घेतले. लिहिणारीला कळलं नाही."

खाली माझी सही आहे.

नियमही मी मोडला. ह्यापुढे ज्याची मोडेल त्याचा एकट्याचा एक लिहायचा नाही. आरती साडेसातला असते. ज्यांना सोडायची आहे त्यांनी या. ज्यांची मोडली आहे त्यांनी तर याच. मी ओरडणार नाही.

आता दादांसाठी आपण सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कुणी बोलू नये, मोबाईल बंद ठेवावा.

प्रवीण, तू मागे उभा आहेस. खांबापाशी नको. पुढे ये बाळा. इथे, हिरावहिनींच्या शेजारी उभा राहा.

काशीदादा, नमस्कार करते.