किटमधला निळा दोरा

लेक : आई, हा निळा दोरा माझ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या किटमध्ये काय करतोय?

आई : उडाला असेल शिलाई मशीनवरून.

लेक : उडाला, झाकण उघडलं, आत बसला आणि झाकण लावून घेतलं? खरं सांग. हात लावलास ना?

आई : लावला. दुपारी, दोन कॉलरी शिवण्याच्या मध्ये.

लेक : आणि? दिवा पेटला?

आई : ...पेटला. एक सेकंद चालू, एक सेकंद बंद.

लेक : आठ दिवस डोकं फोडतेय मी! उद्या अख्ख्या वर्गासमोर दाखवायचंय, आणि तू दोन कॉलरींच्या मध्ये! पुस्तक तरी वाचलंस?

आई : चित्रं बघितली.

लेक : चित्रं बघितली म्हणे! वाढदिवस माझा, किट माझं, आणि पहिला दिवा हिचा! तुला शिवता येतं, गाता येतं, सायकलची चेनसुद्धा बसवतेस. एक गोष्ट माझ्यासाठी ठेवायची होतीस गं!

आई : अगं, बोर्डात प्रोग्राम तूच भरलेला होतास. मी नुसता मोबाइलचा चार्जर जोडला.

लेक : गोड बोलू नकोस. मग आता का पेटत नाहीये? बघ, बोर्डावरचा बारका दिवा डोळे मिचकावतोय आणि माझा लाल ढिम्म. बिघडवलास!

आई : बिघडवला नाही. होतं तसं परत लावून ठेवलं.

लेक : म्हणजे?

आई : चूक होती तिथेच ठेवली.

लेक : चूक परत लावलीस? मुद्दाम?

आई : तुझी होती ना ती. मी कशी उचलून नेऊ?

लेक : ...सांगू नकोस हं. एक अक्षरही नाही.

आई : नाही सांगत. आत जाते.

लेक : उठायचंही नाही! वायर तेरा नंबरला, बरोबर. रेझिस्टर, बरोबर. दिव्याचा लांब पाय इथे, आखूड पाय... हसू नकोस!

आई : हसतेय कुठे? दातात टाचणी आहे.

लेक : थांब थांब. या भोकाभोकांच्या पट्टीवर एका ओळीतली पाच भोकं आतून जोडलेली असतात. आणि मी दिव्याचे दोन्ही पाय याच पाचांत खुपसलेत! शी! वीज कशाला दिव्यात शिरेल, ती बाहेरच्या बाहेर पसार! आखूड पाय आणि काळी वायर, दोघं चला पलीकडच्या ओळीत... आई! आई, बघ!

आई : एक सेकंद चालू...

लेक : ...एक सेकंद बंद! पेटला गं, पेटला! वेडी झालेय मी! तुझा पेटला तेव्हा कोणाला हाक मारलीस?

आई : घरात कोण होतं? शिलाई मशीनला दाखवला.

लेक : मशीनला? थांब, हा आखूड पाय काढू दे.

आई : काय झालं? का काढतेस? चालू होता की चांगला.

लेक : चूक परत लावतेय. आता तू पेटव. मी बघते.