साहेब चटईखाली बोलले

आता तुम्हीच सांगा, तोंड गप्प ठेवायला काय लागतं हो? काही लागत नाही! नुसतं मिटायचं! पण नाही... सकाळचा रेडिओ, सगळं ऑकलंड कामाला निघालेलं, गाडीगाडीत तोच आवाज, आणि आमचे पक्षाध्यक्ष ऑल्डरटन साहेब खो-खो हसत काय म्हणतात, तर "अहो, बेटांवरच्या लोकांना भाषण कशाला? एक डुक्कर भाजायला टाका, मतांची रांग लागते!" झालं! आणि मी कोण? त्याच पक्षाचा, शहरातल्या मांगेरे भागातला उमेदवार, अस्सल सामोअन, म्हणजे पॅसिफिकच्या बेटांवरचाच! माझ्याकडे दर दुसरं घर बेटांवरचं! वर साहेबांच्या ऑफिसातनं फोन, "तुइलोमा, लोकांना समजावा, साहेबांचा तसा हेतू नव्हता!"

नव्हता ना? मग कसा होता?

तुम्हाला सांगतो, मी घाबरणाऱ्यातला नाही. ही जागा माझी, लिहून ठेवा! पण मालामा आत्या... बाबांनो, पंतप्रधानाला घाबरू नका, पण आमच्यात वडिलांच्या बहिणीला घाबरायचं! तिच्या तोंडून वाकडा शब्द निघाला की पोरंबाळं जन्मभर ठेचकाळतात. शिवाय चर्चमधल्या बायका आत्याची मान डुलेल तिकडे मत टाकतात. धावत गेलो, तर तिच्या कुंपणावरचा माझा फलक गायब! बघतो तर मागं खुराड्यावर, पावसाला आडोसा म्हणून... आणि माझ्या हसऱ्या थोबाडावर कोंबडा उभा!

म्हटलं, "आत्या, साहेबांचा तसा हेतू नव्हता..."

"त्याच्या पहिल्या सभेला डुक्कर कुणी भाजलं रे?" आत्या म्हणाली. "मी! आणि पुन्हा पुन्हा वाढून कुणी घेतलं? त्यानं!"

 

मग एकच उपाय, इफोगा! ज्यानं अपराध केला त्यानं पहाटे येऊन अंगणात गुडघे टेकायचे, लग्नात-मयतात काढतो ती बारीक विणीची मऊ चटई डोक्यावरून पांघरायची आणि गप्प... बसायचं! घरातलं माणूस येऊन चटई उचलेपर्यंत. उचलली की विषय मिटला, पुन्हा काढायचा नाही. माफी सगळी त्या गप्प बसण्यात! साहेबांना समजावलं, तर साहेब म्हणतात, "भाषण नाही? निवेदन? दोन शब्द?" "नाही!" "मग करायचं काय?" "काही नाही!" त्यांना पटेचना. पण मतदार-पाहणीचे आकडे घसरले आणि मुकाट आले.

चटई बायकोच्या माहेरची. अपराध्याच्या घरच्यांनीही सोबत बसायची रीत, आता साहेबांच्या घरचं इथं कोण? मीच! एका चटईखाली आम्ही दोघं, साहेबांच्या अत्तरानं माझा जीव घुसमटलेला. "किती वेळ?" "शूः!" "मला रेडिओवर जायचंय." "शूः!" आणि कडी वाजली! आत्याची पावलं... जवळ... आणखी जवळ... म्हटलं, तुइलोमा, जिंकलास! आणि साहेबांना वाटलं, श्रोते आले! चटईखालून, सभेतल्या आवाजात, "माझ्या बोलण्यानं जर कुणाच्या भावना दुखावल्या असतील, तर..."

जर! अहो, जर?

पावलं परत. कडी बंद. साहेब म्हणाले, "इथं काही घडत नाहीये," आणि गाडीत बसून गेले. मी राहिलो. दोघंही उठलो असतो, तर आत्यानं जन्मात माझं तोंड पाहिलं नसतं. ऊन चढलं, गुडघे गेले, पाठीवर कोंबडी येऊन बसली... आणि मग चटई उचलली गेली.

"तुई? तू काय केलंस रे बाळा?"

"त्याला तुझ्या ताटावर मी आणून बसवलं, आत्या."

रडलो हो मी. आत्याही रडली. मला उठवलं, स्वयंपाकघरात नेलं, गरम कोको, तळलेले गोड पॅनिकेके, आणि म्हणाली, "संपलं. फलक धुऊन पुन्हा लावते." बघा! सांगत नव्हतो, ही जागा माझी?

आणि तिथं कोपऱ्यात रेडिओ चालू! साहेब! खो-खो हसत! "बसलो की चटईखाली! गुडघे फुटले, आणि एवढं करून साधं खायला विचारलं नाही हो कुणी!"

आत्यानं रेडिओ बंद केला. माझ्या हातातला पॅनिकेके काढून घेतला. चटई उचलली आणि माझ्या खांद्यावर टाकली.

"आत्या, साहेबांचा तसा हेतू..."

"अंगणात."

गेलो. न जाऊन सांगतो कुणाला? तरीही सांगतो, निवडून येणार मीच! आत्या चटई उचलते, संध्याकाळपर्यंत उचलतेच... पण मतदानाला अजून वेळ आहे, आणि रेडिओवाले साहेबांना रोज बोलावतात.